बोर्निओला पाठवलेली कॉलर

आमच्या रसिकाला पगार मिळतो तो चिंध्या पुरायचा. ऐकून कुणीही हसेल, मीही हसले होते. सुती कापडाच्या पट्ट्या ती बोर्निओच्या जंगलात, दलदलीत पुरते, वर्षभरानं उकरून काढते आणि मातीतल्या जिवाणूंनी किती कापड खाल्लं ते तपासते. तुलनेसाठी काही पट्ट्या तिनं नल्लकुंट्याला आमच्या अंगणातही पुरल्या होत्या. दोन महिन्यांत त्यांची जाळी झाली. आमची माती भारी खादाड.

"तिकडे तसं नाही, आई," ती म्हणाली. "तिथली जमीन बाराही महिने पाण्यात. झाडांनासुद्धा मुळं वर काढून श्वास घ्यावा लागतो. खाली हवा नाही, पाणी आंबट, मग जिवाणूंचं काम चालतं एकदम आस्ते. पानं गळतात अन् पडून राहतात. हजारो वर्षांपूर्वीची पानं सापडतात मला."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला.

यांना जाऊन सहा वर्षं झाली. विठ्ठलराव हायकोर्टात वकील. बाहेर काळा कोट, पण घरी मलमलचा सदरा आणि कॉलरला हिन्याचं अत्तर. अत्तर, तंबाखू आणि यांचा घाम, असा तो वास. शेवटचा सदरा मी धुतलाच नाही, ट्रंकेत ठेवला. उघडायची नाही असं ठरवायचे आणि उघडायचेच. दर वेळी वास थोडा कमी. शेवटी तो कॉलरपुरताच उरला, आणि तिथंही नाक खुपसून बसले तरी वास येतोय की नुसता आठवतोय, कळेनासं झालं.

मी कॉलर उसवली आणि रसिकाच्या हातात दिली. "ही पण पूर तिकडे."

"आई, पागल झालीस का? अत्तर लागलेलं कापड प्रयोगात चालत नाही."

"प्रयोगात कशाला? बाजूला पूर. जिथं पान टिकतं तिथं हेही टिकेल."

ती काहीतरी बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिनं कॉलरची घडी घातली. जाताना घेऊन गेली.

ते वर्ष कसं काढलं, माझं मला ठाऊक. फोनवर लेकीनं जेवण केलं का हे विचारायच्या आधी मी दलदलीची खुशाली विचारायची. कुणी कालवा खणून पाणी काढलं की तिथल्याही मातीत हवा शिरते आणि मग तीही सगळं फस्त करते, हे तिनंच सांगितलं होतं. "हौ आई, आहे पाणी," ती म्हणायची. "तू परेशान नको होऊ." लोक परदेशातल्या नातवंडांची वाट बघतात, मी कॉलरची बघत होते.

परवा ती आली. पाणीसुद्धा न पिता तिनं पिशवीतून कॉलर काढली. चिखल जावा म्हणून नुसत्या पाण्यात खळबळलेली, कडक चहाच्या रंगाची, पण अख्खी! माझे डोळेच भरून आले. जिंकले, म्हटलं. मग नाकाशी नेली.

ओल्या पानांचा, न वापरलेल्या विहिरीचा वास. पुन्हा हुंगली. उलटी करून हुंगली. यांचा वास कुठंच नव्हता.

"उकरली तेव्हा आधी मीच हुंगली होती," रसिका म्हणाली. "जिवाणू आस्ते खातात, पण खातात, आई. खायला सोपं असतं ते आधी. काही त्यांनी खाल्लं, काही पाण्यानं नेलं. कापड चिवट, म्हणून राहिलं. तुला तेव्हाच सांगणार होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मलाही वाटलं, बाबांचा वास कदाचित राहील."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बघ ना, कापड तर सगळं परत आलं."

"कापड काय गं," मी म्हणाले, "कोठीच्या बाजारात कुठंही मिळतं."