एक घंटा जास्त वाजली

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, डबा म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझ्यात कधी तेल नव्हतं की बिस्किटं नव्हती. माझ्यात मतं पडायची. तुमच्याकडे बोटाला शाई लावून यंत्राचं बटण दाबतात, असं ऐकून आहे. आमच्या गांबिया नदीकाठी बोटाला शाई लावतात आणि हातावर एक काचेची गोटी ठेवतात.

जितके उमेदवार तितके डबे. ज्याचा त्याचा रंग आणि ज्याचा त्याचा फोटो. मतदाराने पडद्याआड जायचं आणि हव्या त्या डब्याच्या नळीत गोटी सोडायची. आत एक घंटा असते. गोटी तिच्यावर आपटते, टिंग वाजतं, आणि बाहेर बसलेल्या साहेबांना कळतं की मत पडलं. एक घंटा, एक मत. दोन वाजल्या तर माणूस चोर. पुढे गोटीवर गोटी पडून आवाज होऊ नये म्हणून आमच्या पोटात वाळू भरतात. या वाळूमुळेच असेल, माझ्यात काही पडलं तरी मला फारसं जाणवत नाही. आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणाल, हा डबा फार कोरडं बोलतो.

सेरेकुंडा शहरातल्या एका वेल्डरने मला घडवलं. वेल्डर आळशी होता. नवी घंटा कोण आणणार? त्याने एका मोडक्या सायकलची घंटा काढली आणि माझ्यात डकवली. त्याच्यासारखे आळशी पुष्कळ असावेत, कारण आमच्या सगळ्यांचाच आवाज सायकलसारखा. म्हणून मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राजवळ सायकल आणायला बंदी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

तीन निवडणुका माझ्यावर मोठ्या साहेबांचा, म्हणजे देशाच्या अध्यक्षांचा, फोटो होता. गळ्यापर्यंत भरायचो. मला उचलायला चार माणसं लागत आणि चौघंही म्हणत, "वा! याला म्हणतात डबा!" दोन निवडणुकांच्या मधली पाच वर्षं मी एका खेड्याच्या शाळेत, स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत पडून असायचो. तिथे झुरळं माझ्यावरून फिरत. मला दोन्ही सारखंच होतं.

त्या शाळेत मुलांचं जेवण जैनाबा जार्जू करायची. तांदूळ निवडायला ती कोठीच्या उंबऱ्यावर बसे, आणि निवडता निवडता स्वतःशीच बोले. तिचा मुलगा अन्सुमाना एकदा रेडिओवर म्हणाला होता, "मोठ्या साहेबांनी वीस वर्षं खुर्ची झिजवली, आता उठावं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याला सीमा ओलांडून पळावं लागलं. शेजारच्या देशाने आम्हाला तीन बाजूंनी वेढलेलं आहे, त्यामुळे पळायला फार लांब जावं लागत नाही. मोटारीने दोन तासांवर तो मालाची गाडी चालवत होता. दोन तासांवर, आणि तीन वर्षं घरी नाही.

"काल फोन आला होता," जैनाबा तांदळाला सांगायची. "म्हणाला, आई, साहेब गेले की त्याच आठवड्यात येतो. तू फक्त तुझी गोटी टाक."

आता बिरान जूफबद्दल सांगतो. हा पाववाला. रोज सकाळी सायकलवर लांबलचक पावांची टोपली घेऊन यायचा. जैनाबा जोला जमातीची आणि बिरान सेरेर. आमच्याकडे या दोन जमातींचं थट्टेचं नातं आहे. फार पूर्वी दोन बहिणी नदीत वेगवेगळ्या दिशांना वाहून गेल्या, एकीची लेकरं जोला, दुसरीची सेरेर, असं सांगतात. तेव्हापासून दोघांनी एकमेकांना तोंडाला येईल ते बोलायचं, पण रुसायचं मात्र कुणी नाही. रुसला त्याने पूर्वजांचं नाक कापलं.

बिरान दाराशी येऊन घंटी वाजवायचा आणि ओरडायचा, "ए गुलामे, ऊठ! तुझा धनी पाव घेऊन आलाय!"

"धनी म्हणे! आधी चाकात हवा भर, मग धनी हो. माझ्या आजीने तुझ्या आजोबाला वाटीभर भातावर विकत घेतलं होतं!"

"वाटीभर? तुम्ही जोला लोक वाटीभर भात हातचा सोडाल होय? खोटं बोलायचं तर पचेल असं बोल की!"

असं रोज चालायचं. झुरळंसुद्धा थांबून ऐकायची.

मग चौथी निवडणूक आली. मला खरवडून तांबडा रंग दिला आणि एका नवख्याचा फोटो चिकटवला. हा बाबा कोंबड्यांचं खाद्य विकायचा. गावच्या पंचायतीलाही कधी उभा राहिला नव्हता. फोटोतला कोट दुसऱ्या कुणाचा असावा, कारण खांद्यावरून घरंगळत होता. लोक आधी हसले. पण त्या वर्षी शेजारी देशाशी बिनसलं होतं. सीमेवरचं फाटक बंद, मालाच्या गाड्या उभ्या, कांदा मिळेना. मोठे साहेब रेडिओवर रोज सांगत, शेजारी आपल्याला गिळायला बसलाय, मी आहे म्हणून तुम्ही आहात. आणि नवखा म्हणे, "शेजारी आहे, भूत नाही. जाऊन बोलू या की." लोक हसायचे थांबले.

मतदानाच्या दिवशी मला वर्गात मांडलं. शाळेचे सार्जो मास्तर केंद्राचे साहेब झाले होते. फाटकाशी एक शिपाई बंदूक घेऊन उभा होता. रांग पार आंब्यापर्यंत गेली होती.

जैनाबा आली. बोटाला शाई लागली, हातावर गोटी पडली. ती पडद्याआड माझ्यासमोर उभी राहिली. तिने गोटी माझ्या नळीच्या काठावर टेकवली.

"बिस्मिल्ला," ती पुटपुटली. "ये रे बाळा आता घरी."

त्याच वेळी बिरान मतदान केंद्रातल्या लोकांसाठी पाव घेऊन मागच्या वाटेने आला. बंदी त्याला ठाऊक होती. पण दाराशी जैनाबाची निळी बादली दिसली, एरवी स्वयंपाकघराच्या दाराशी असणारी, आज रांगेत जागा धरायला तिने ठेवलेली. बादली दिसली आणि रोजच्या सवयीने अंगठा दाबला गेला. दुसऱ्यांदा दाबणार तेवढ्यात त्याला आठवलं आणि त्याने जीभ चावली. म्हणून एकदाच वाजलं. टिंग.

"झालं मावशी, या बाहेर," सार्जो मास्तर पडद्यापलीकडून म्हणाले.

जैनाबा जागची हलली नाही. गोटी अजून तिच्या चिमटीत होती. मित्रांनो, नीट विचार करा. तिने ती आता सोडली असती तर दुसरी घंटा वाजली असती. एका बाईच्या दोन घंटा! मुलगा सीमेपलीकडे पळालेला, दाराशी बंदूकवाला. तिचं कोण ऐकणार? शिवाय त्या एका गोटीपायी माझ्यातल्या सगळ्याच गोट्यांवर संशय आला असता.

"मावशी? काय झालं? पुढची माणसं खोळंबलीत."

"काही नाही, मास्तर. ओढणी अडकली होती," ती म्हणाली, आणि मूठ मिटून बाहेर गेली.

मला काय वाटलं म्हणता? काही नाही. पुढची गोटी पडली आणि मी वाजलो.

संध्याकाळी मोजणी झाली. एक गोटी कमी भरली. सार्जो मास्तरांनी तीनदा मोजलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "घरंगळली असेल कुठे तरी." दुसऱ्या दिवशी निकाल आला. नवखा जिंकला! कोंबड्यांचं खाद्य विकणारा माणूस देशाचा अध्यक्ष झाला. लोकांनी मला डोक्यावर घेऊन गावभर मिरवलं, माझ्यावर थापा मारून नाचले, आणि त्या नाचात मी पडून माझा तळ एका कोपऱ्यात फाटला; थोडी वाळू सांडली, बाकीची आत राहिली. जैनाबाही नाचणाऱ्यांत होती. डाव्या हाताची मूठ मिटलेली.

मोठ्या साहेबांनी आधी हसून हार मानली. आठवडा झाला नाही तोच म्हणाले, मानत नाही, मी इथेच बसणार. मग शेजारी देशाचं सैन्य सीमेवर येऊन उभं राहिलं. जावं नाहीतर आत येतो, असा निरोप आला. माणसं गाद्या, शेळ्या, पातेली डोक्यावर घेऊन नदीपलीकडे निघाली. शाळा बंद पडली. तेवढ्यात अन्सुमानाचा फोन आला. मी ऐकला, कारण जैनाबा कोठीत माझ्या शेजारीच बसली होती.

"आई, साहेब कुठले जाताहेत? यांचं काही खरं नाही. मी वर युरोपकडे निघालो. वाळवंटातून गाड्या जातात, पुढे समुद्र."

"थांब रे. थोडं थांब. माझं ऐक, माझी गोटी..." ती म्हणाली. फोन कट झाला होता.

महिन्याभरात मोठे साहेब विमानात बसून गेले. सैन्य परतलं. गाद्या, शेळ्या, पातेली परत आली. जैनाबा आठ दिवस रस्त्याकडेला उभी राहून प्रत्येक गादीखालचं तोंड बघत होती. अन्सुमाना आला नाही. फोनही पुन्हा आला नाही.

फाटक्या तळाचा डबा सरकारला नको होता. बाकीच्यांना नेलं, मला स्वयंपाकघरात आणलं; वरच्या नळीमुळे पालथा घालायलाही जमेना, तेव्हा माझ्या डोक्यावर नळीशेजारी बादली ठेवू लागले. नवख्याचा फोटो वाफेने सुटून गेला. त्याचा कोट आता अंगात बरोबर बसतो, असं सार्जो मास्तर म्हणतात.

जैनाबा स्वयंपाक करायची, भांडी घासायची, घरी जायची. ना हसू, ना रडू. बिरान रोज घंटी वाजवायचा, "गुलामे, धनी आला!" ती म्हणायची, "ठेव तिथे." एवढंच. दोन वर्षं. बिचारा नवनवी थट्टा शोधून आणायचा. "तुझ्या चुलीला माझ्याहून जास्त अक्कल आहे," असंही म्हणून पाहिलं. "ठेव तिथे."

एके सकाळी तिने माझ्यावरची बादली काढली. कमरेच्या कापडाच्या गाठीतून गोटी सोडवली, माझ्या नळीत धरली आणि सोडली. टिंग.

बिरान दाराशी पोचलाच होता. "अगं बाई, आज तूच घंटी वाजवलीस?"

"ओळख कुणाची ती."

"सायकलचीच वाटते."

"हां. त्या दिवशीही सगळ्यांना तसंच वाटलं. उलटं." मग तिने त्याला सांगितलं. चार वाक्यांत. आवाज चढवला नाही.

बिरानची टोपली कलली आणि पाव जमिनीवर गेले. तो उचलायलाही वाकला नाही. "दोन वर्षं, जैनाबा? बोलली का नाहीस? शिव्या का नाही दिल्यास मला?"

"तुझ्यावर रुसायचं नाही ना. पद्धत आहे. शिव्या दिल्या असत्या तर त्या थट्टेच्या वाटल्या असत्या तुला. मग काय करू? नुसती बसले."

त्याने पाना काढला, सायकलची घंटी सोडवली, माझ्यावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तो आल्याचं कुणाला कळलंच नाही. पाव बाहेर तसेच राहिले, त्यांना मुंग्या लागल्या, मुलं कोरडा भात खाऊन उठली. तिसऱ्या दिवशी जैनाबा घंटी हातात घेऊन दारात उभी होती.

"लाव ही परत, गुलामा," ती म्हणाली. "धन्याची पोरं उपाशी ठेवतोस?" आणि एवढं म्हणताच तिला रडू फुटलं. दोन वर्षांचं रडू. चुलीवरचा भात करपला.

बिरान डोळे पुसता पुसता नाक ओढत म्हणाला, "वाटीभर भात घातलास तर लावतो."

"करपलेला आहे. तुझ्या लायकीचा."

मित्रांनो, ती गोटी अजून माझ्या वाळूत आहे. तिला मोजायला कुणी येणार नाही. माझी तक्रार नाही. मला रंग देऊ नका, तळ सांधू नका, जुना झालो आहे. पण उद्या तुमच्यातला कुणी सार्जो मास्तरांच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा एवढं करा. घंटा वाजली म्हणून "झालं" म्हणू नका. बाहेर येणाऱ्याचा हात बघा. मूठ मिटलेली असेल तर त्याला थांबवा आणि विचारा, काय राहिलं?