कॅमेऱ्याकडे पाहू नको

नत्थू मेश्राम म्हणजे एक नंबरचा हेकट माणूस. नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झाला, बायको आधीच गेलेली, पोरगी तिकडे नाशिकला. घरात बोलायला भिंती. पण फोटोत विमानाची शेपटी बोटभर कापली गेली, तर याला जेवण गोड लागत नसे. जुन्या लढाऊ विमानांचे फोटो काढायचे, एवढाच नाद. या येड्या नादाला जगात एकच जोडीदार मिळाला, त्याच कारखान्यातला वसंत.

बावीस वर्षं दोघांनी संग्रहालयं पालथी घातली. दिल्ली झालं, बेंगळुरू झालं, गोवा झालं. कामं वाटलेली होती. नत्थूने फोटो काढायचा, वसंताने विमानाच्या नाकाशी उभं राहायचं, म्हणजे विमान केवढं आहे ते कळतं. आणि नत्थूचा दंडक असा, की वसंताने कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही. माणसाचं तोंड दिसलं की लोक तोंडच पाहतात, विमान राहतं बाजूला. वसंत बिचारा मुकाट पाठ फिरवायचा.

मागच्या सोमवारी वसंत गेला. झोपेतच. बुधवारी त्याच्या बायकोचा, मायाचा फोन आला.

"भाऊजी, रविवारी पुण्यानुमोदन ठेवलं आहे. बुद्ध अन् बाबासाहेबांच्या शेजारी ठेवाले यांचा फोटो पाहिजे. लग्नातल्या फोटोत त मिसरूड फुटलेलं आहे, आधारकार्डावरचा पाहवत नाही. तुमच्यापाशी असतीनच."

"ढिगानं आहेत, वहिनी," नत्थू म्हणाला. त्या बिकट दिवसातही त्याला जरा अभिमानच वाटला.

त्याने कॉम्प्युटर उघडला. हंटर, नॅट, कॅनबेरा. प्रत्येक विमान असं देखणं, की रिव्हेट मोजून घ्यावेत. आणि प्रत्येकाच्या नाकाशी वसंताची टोपी, वसंताची मान, वसंताची पाठ. दोन दिवस तो फोटो उलटेपालटे करत बसला. चेहरा म्हणून एक सापडला नाही. काय कपाळाचे फोटो काढले होते याने बावीस वर्षं!

शनिवारी सकाळी त्याला नागपुरातल्या संग्रहालयाचं आठवलं. डिसेंबरात दोघं शेवटचे तिथेच गेले होते, आणि गेटवर पास देताना प्रत्येकाचा फोटो काढतात. तो धावत गेला. गेटवरचा जवान चांगला होता, त्याने ऐकून घेतलं.

"काका, ते महिन्याभरात आपोआप पुसल्या जाते. माफ करा."

आलोच आहे तर म्हणून नत्थू आत गेला. मिग विमान उन्हात उभं होतं. त्याच्या नाकाशी कोणी नव्हतं. एकट्याने त्याच्याकडे पाहताना नत्थूला डिसेंबरची ती सकाळ लख्ख आठवली.

त्या दिवशी वसंताने पहिल्यांदाच दंडक मोडला होता. गर्रकन वळून तो कॅमेऱ्याकडे हसत चालत आला होता. "एखांदा माहाही काढ ना गा," म्हणाला. बटण दाबलं गेलं. नत्थू खेकसला, "पंख झाकला ना लेका," आणि उभ्या उभ्या तो फोटो पुसला.

संध्याकाळी तो मायाकडे गेला. खोटं बोलता आलं असतं, पण जीभ वळेना. त्याने सगळं सांगितलं. ती चिडेल असं त्याला वाटलं, चिडली असती तर बरं झालं असतं.

"हसून राहिले होते?" मायाने विचारलं. "घरी त कधी हसले नाहीत, भाऊजी. कसे दिसून राहिले होते, सांगा ना."

नत्थूने तोंड उघडलं. डावा पंख आठवला, पंखाखालची सावली आठवली, शेपटीवरचे आकडे ओळीने आठवले. माया वाट पाहत होती. वसंताचा चेहरा त्याने तेव्हा पाहिलाच नव्हता.