टाचणातलं उत्तर

"या बायकांना सही झाल्यावरच सुधारणा सुचतात," हेडमास्तर दौलतराव टाकाचं टोक पुसता पुसता पुटपुटले. पुटपुटले स्वतःशीच, पण ऑफिसची खोली एवढीशी, की तिथं स्वतःशी बोललेलंही दुसऱ्याच्या अंगावर पडायचं. विमलबाईंनी ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

"टाचणातला एकच पाठ बदलते, सर. 'माझे वडील'ऐवजी 'माझं घर' घेते."

"आणि इन्स्पेक्टरसाहेबांना काय सांगू? तोच पाठ बघायला पुण्याहून येतायत ते. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते त्यावर ठरणार. ट्रेनिंग नाही झालेलं तुमचं, विसरलात?"

विसरतात कशाला! कासारवाडीच्या खोलीत चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता त्या इंग्रजी शिकल्या होत्या. नवरा दम्यानं घरी बसला तेव्हा तेवढीच विद्या कामाला आली. ही नोकरी गेली तर घर कशावर चालणार, याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"ते त्या मुलीचं म्हणत असाल," दौलतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तर तिला विचारू नका म्हणजे झालं."

'ते' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सगळेच असे 'ते' म्हणायचे. मदिनाचे वडील बरकतभाई दापोडीला हमरस्त्यावर मोटारी दुरुस्त करायचे. ट्रकखाली शिरले असताना जॅक सरकला, आणि माणूस संपला. पंधरवड्यानं मदिनाची फुफी, म्हणजे बरकतभाईंची बहीण झुलेखा, तिला शाळेत सोडायला आली, तेव्हा बाईंना दाराआड घेऊन म्हणाली, "पोरगी रडली न्हाई अजून. तिच्यापुढं काही काढू नका, बाई."

बाईंनी मान डोलावली. मान डोलावणं सोपं होतं. वर्गातल्या मुली मदिनाला चिंचा द्यायच्या, मुलं तिच्या वाटेतून बाजूला व्हायची. मदिना चिंचा घ्यायची आणि दप्तरात ठेवून द्यायची. बाई रोज तिच्या बाकाजवळून जाताना जरा हळू चालायच्या. थांबायच्या मात्र नाहीत.

टाचण त्याआधीचं. सुट्टीत बसून त्यांनी ते मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे बाई काय विचारणार, उजवीकडे मुलं काय सांगणार. कुणाचे वडील औषधांच्या नव्या कारखान्यात, कुणाचे रेल्वेत, हे एकेका पोराला विचारून त्यांनी उत्तरं बसवली होती. जुन्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढली होती. नव्या पद्धतीत इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द चालत नव्हता. चित्र दाखवायचं आणि मुलांनी बोलायचं. ऐन वेळी कुणी अडखळू नये म्हणून आठवीच्या वर्गाकडून त्यांनी ते असं घोटून घेतलं होतं, की झोपेत चित्र दाखवलं तरी पोरं बोलली असती.

साहेब आले. मागच्या खुर्चीत बसले, शेजारी दौलतराव. पाठ सुरू झाला. बाकांच्या ओळीनं मुलं उठत होती, उत्तरं देत होती. "माय फादर इज अ फिटर." "माय फादर इज अ पोर्टर." मदिनाचा बाक आला तशा बाई पुढच्या मुलाकडे वळल्या.

"दॅट गर्ल, प्लीज," मागून साहेब म्हणाले. राहिलेली मुलगी त्यांना दिसली होती.

बाईंनी तोंड उघडलं, पण मदिना आधीच उभी राहिली होती. बाईंचं काय पणाला लागलंय, हे पोरांना कसं कळतं कोण जाणे, पण कळतं.

"माय फादर इज अ मेकॅनिक. ही रिपेअर्स मोटर्स." स्वच्छ उच्चार. रेघेच्या उजवीकडे होतं तस्संच.

"व्हेरी गुड!" साहेब खूश झाले. दौलतरावांनी रोखून धरलेला श्वास सोडला.

बाईंनी हातातला पुठ्ठा घाईनं गठ्ठ्याखाली सारला. मागचा वर आला. त्यावर त्यांनीच काढलेलं घर होतं, खिडकीत दिवा, दारात माणूस. झाकायला त्यांचा हात उठला, पण वर्ग तेवढा थांबणारा नव्हता. सगळी पोरं एका सुरात, ठणठणीत आवाजात म्हणाली, "ही कम्स होम इन द ईव्हनिंग!"

संध्याकाळी ते घरी येतात. सगळ्यांबरोबर मदिनाही म्हणाली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून ती उभीच होती. पुढच्या चित्राची वाट बघत.

आपण काय बोललो, ते एकेकाच्या ध्यानात येत गेलं तशा माना खाली गेल्या. साहेबांना काहीच कळेना.

बाईंनी पुठ्ठे टेबलावर ठेवले. त्या बाकांमधून चालत गेल्या आणि मदिनापाशी थांबल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी," त्या म्हणाल्या.

"बाई, इंग्रजी... इंग्रजीत," मागून दौलतराव कुजबुजले.

बाईंनी मागं पाहिलं नाही.

"मदिना, तुझे अब्बा वारले गं. आता ते घरी यायचे नाहीत."