समासात लिहिलेली बावीस नावं

मी एक जुनी प्रेस आहे, मित्रांनो. कपड्यांची नव्हे हं, झाडपाल्याची. सागवानी पट्ट्यांच्या दोन जाळ्या आणि त्यांना आवळायला दोन पट्टे, एवढाच माझा देह. रानातून आणलेली फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, तशा घड्यांची चळत माझ्या पोटात ठेवायची आणि पट्टे करकचून आवळायचे. मग झाड सपाट होऊन वाळतं आणि पुढे कितीतरी वर्षं टिकतं. मुकुटबनकडच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी खिळ्याला टांगलेली असते.

मला नेरच्या उकंडा मिस्त्रींनी घडवलं. राजदीप सर नव्याने नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी आपल्या गावच्या मिस्त्रींकडून मला मुद्दाम करून घेतलं. "पाला दाबाले इतकं चांगलं सागवान कायले?" असं मिस्त्री पुटपुटत राहिले, पण कामात त्यांनी कसूर केली नाही. मग वीस वर्षं सरांबरोबर मी रानोमाळ हिंडले. मुलं मला खांद्यावर घेऊन फोटो काढायची आणि परीक्षा झाली की ओळखही द्यायची नाहीत. मी ते मनाला लावून घेतलं नाही म्हटलं, तर खोटं होईल.

मग दीपा आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे त्यांच्या वस्तीवरची. पहिलीपासून आश्रमशाळेत राहिल्यामुळे तिला कोलामी कळायची, पण बोलायला जीभ वळायची नाही. याची तिला फार खंत होती. त्या वर्षी पदवीच्या मुलांनी दोन विषयांच्या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करायचं ठरलं. दीपाने विषय मागूनच घेतला: पोडाभोवतीची पावसाळी झाडं आणि त्यांची कोलामी नावं. झाडांसाठी राजदीप सर, नावांसाठी मराठीच्या सुरभी मॅडम.

नावं सांगणार होत्या तिच्या आत्या, तुळसाबाई. भादव्यात दीपा, तुळसाबाई आणि मी अशा तिघी रानात गेलो. तुळसाबाई पान चुरगळायच्या, नाकाशी धरायच्या आणि मगच नाव सांगायच्या. "ऐकलंस की तिथल्या तिथे लिही, नंतर उच्चार बदलतो," अशी सुरभी मॅडमची ताकीद होती. पावसाची झड लागलेली, फोन बाहेर काढायची सोय नव्हती. म्हणून दीपा ज्या पेपरात झाड ठेवायची, त्याच पेपरच्या समासात पेन्सिलीने नाव लिहायची. अशी बावीस झाडं झाली. मला प्रयोगशाळेत आणून ठेवताना ती माझ्यावर हात फिरवून म्हणाली, "आता माही भाषा माह्यापाशी राहीन." इतक्या मायेने मला तोवर कुणी हात लावला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी ती तापाने फणफणली. टायफॉइड निघाला. इकडे हवा दमट, आणि पेपर बदलले नाहीत तर झाडांना बुरशी धरते. पोरीची मेहनत वाया जाऊ नये म्हणून सरांनी स्वतः बसून एकूण एक पेपर बदलला आणि ओले पेपर कॉलेजमागच्या खताच्या खड्ड्यात टाकून दिले. मॅडमची रीत सरांना ठाऊक नव्हती, सरांची मॅडमना. वनस्पतिशास्त्रात नावाची चिठ्ठी लागते ती झाड वाळल्यावर. ओल्या पेपरच्या समासात कोण डोकावणार? मी सगळं बघत होते, पण ओरडायला तोंड कुठून आणू?

दीपा परत आली ती दिवाळी उलटल्यावर. तिने मला उघडलं. झाडं सुरेख वाळली होती. ती एकेक समास बघत शेवटपर्यंत गेली.

"सर, पयले पेपर कुठी आहेत?"

"ओले होते बेटा, टाकून दिले," सर सहज म्हणाले. मग तिचा चेहरा बघून खुर्चीत बसले.

तेव्हा खड्ड्यात काहीच शिल्लक नव्हतं आणि रानातली पावसाळी झाडंही सुकून गेली होती. सर, मॅडम आणि दीपा मला घेऊन पोडावर गेले. तुळसाबाईंनी एकेक वाळलेलं पान नाकाशी धरलं आणि मान हलवली.

"याले ना वास, ना ओल. कायच्या भरवशावर सांगू?"

"अंदाजानं सांगा ना, आत्याबाई," दीपा काकुळतीला आली.

"नाव हाय ते, पोरी. याचं त्याले लावलं तं दोघायचंबी जाते. पावसाचं पाणी लागलं का ये."

प्रकल्प मार्चमध्ये द्यायचा होता. नावं पुस्तकातून घे, असं कुणीतरी सुचवलं. दीपाने ऐकलं नाही. वाळलेली झाडं चिकटवलेल्या बावीस कागदांवर नावाची जागा कोरी ठेवली. सादरीकरणाच्या दिवशी सर सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "या कोऱ्या जागा माझ्या चुकीच्या आहेत." मग दीपा पुढे शिकायला अमरावतीला गेली आणि मी पुन्हा खिळ्यावर. दाराशी पावलं वाजली की मला तीच आली असं वाटायचं.

मागच्या पावसाळ्यात तुळसाबाई स्वतःच कॉलेजात आल्या. डोक्यावर टोपली, वर ओलं फडकं. "पोरीले सुट्टी नाई म्हनते, म्हून मीच आलो." सरांनी लगेच दीपाला फोन लावला. तुळसाबाई पान चुरगळून नाव सांगत, दीपा तिकडून ते उच्चारत राही, आणि बाईंनी मान डोलावली की मॅडम लिहून घेत. एकोणीस नावं झाली. उरलेली तीन झाडं बाईंना सापडली नव्हती. ती जिथे उगवायची, तिथली झुडपं तोडून कुणी वावर केलं होतं.

"मंग नावं तरी सांगा," दीपा म्हणाली.

"झाड हाती नाई तं नाव तोंडात येत नाई, पोरी. लय आठवून पाह्यलं."

मॅडमनी त्या तीन जागा कोऱ्याच ठेवल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी एखाद्या झाडाचं, एखाद्या नाल्याचं नाव सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून ऐका. पुन्हा कधीतरी विचारू, असं म्हणू नका. मी हे कुठल्या तोंडाने सांगते, तेही ऐका. त्या भादव्यात मी दीपाच्या खांद्यावरच होते. पण मला शास्त्रीय नावांची भारी घमेंड. रानातल्या बाईचं बोलणं काय ऐकायचं, असं मला वाटलं. आता जीव तोडून आठवते. तुळसाबाईंचा आवाज आठवतो, शब्द आठवत नाहीत.

परवा दीपा सुट्टीत आली होती. तिने मला खिळ्यावरून उतरवलं, बिननावाच्या झाडांचे ते तीन कागद माझ्यावर ठेवले आणि हळूच म्हणाली, "तू तं होती ना तिथं?"

होते ग. पण ऐकत नव्हते.