कडूबांच्या पेट्यांतली रुई

जाफराबादेत कोणी नवा स्पीकर घेतला की तो आधी कडूबांना ऐकवायचा, असा नेमच पडून गेला होता. नेम कोणी पाडला म्हणाल, तर खुद्द कडूबांनी. बोलावणं येवो न येवो, ते जायचे, डोळे मिटून दोन मिनिटं मान हलवायचे आणि "चांगलाय, पण भरीव न्हाई" असा निकाल देऊन चहा पिऊन परत यायचे. भरीव आवाज अख्ख्या गावात फक्त त्यांच्या बैठकीत होता. मुबारकभाई रेडिओवाल्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना सागवानी फळ्यांच्या दोन कमरेएवढ्या पेट्या करून दिल्या होत्या आणि आवाज घुमू नये म्हणून आत कडूबांच्याच रानातली, पहिल्या वेच्याची रुई पिंजून भरली होती. त्या रुईची कथा ऐकल्याशिवाय त्या घरातून पाव्हणा सुटत नसे.

ही कथा त्यांच्या सुनेनं, तृप्तीनं, लग्नानंतर चाळीस वेळा ऐकली होती. तिला आता घरीच शिकवण्या सुरू करायच्या होत्या, त्यासाठी बैठकीत टेबल मांडायचं होतं आणि टेबलाच्या जागेवर पेट्या ठाण मांडून बसल्या होत्या. एके दिवशी तिनं जालन्याहून तांब्याएवढा एक स्पीकर आणला.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "न बघता ऐका. हा पेट्यांपेक्षा चांगला वाटला तर पेट्या पत्र्याच्या खोलीत जातील. न्हाई वाटला तर मी टेबलाचं नाव काढणार न्हाई."

"तांब्यात किती आवाज मावंल गं?" कडूबा हसले खरे, पण आतून चरकले. पेट्या पत्र्याच्या खोलीत गेल्यावर त्यांच्या कानाला गावात कोण विचारणार होतं? पण माघार घ्यावी तर तीही चहाच्या टपरीपर्यंत पोचली असती.

रविवारी दुपारी परीक्षा ठरली. मुबारकभाई दोन-तीन वर्षं लेकाकडे संभाजीनगरला राहून नुकतेच परतले होते, त्यांना पंच नेमलं. दोरीवर चादर टाकून पेट्या आणि तांब्या तिच्या मागे गेले. कडूबांची बायको, उषाबाई, कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. एरवी नवऱ्याच्या कानाची टिंगल करायची एक संधी त्या सोडत नसत, आज मात्र त्यांनी तोंडातून शब्द काढला नव्हता.

एकच भजन दोनदा वाजलं. पहिल्यांदा वाजलं तेव्हा कडूबांनी नाक मुरडलं. "ह्यो नुसता घुमून राह्यला. रिकाम्या रांजणात तोंड घालून गायल्यावानी. कानाला त्रास हाये." दुसऱ्यांदा वाजलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हां. ऐका आता. शब्द न शब्द येगळा, अन् ठोका कसा भरीव. रुई बोलून राह्यली, रुई. दोन नंबर आपल्या पेट्या."

तृप्तीनं चादर ओढली. दोन नंबरला तांब्या होता.

कडूबांच्या तोंडचं पाणी पळालं. तृप्तीला हसू आवरेना, म्हणून ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली. मुबारकभाई मात्र हसले नाहीत. घुमण्याचा आरोप त्यांच्या कामावर होता.

"कडूबाभाऊ, तुमचा कान बराबर हाये," ते म्हणाले. "मीबी ऐकलं. पण माझी पेटी घुमत न्हाई. बिलकुल न्हाई. पेचकस द्या."

त्यांनी स्क्रू काढून एका पेटीची मागची फळी खोलली. आत दोन वायरी होत्या आणि एक वाळलेलं झुरळ होतं. दुसरी पेटी खोलली, तिच्यात झुरळसुद्धा नव्हतं. रुईचा पुंजका म्हणाल तर कुठंच नाही.

"चोरी झाली," कडूबा म्हणाले.

"चोरी कशाची," उषाबाई शेंगांवरची नजर न काढता बोलल्या. "म्याच काढली. तुम्ही निमोनियानं दवाखान्यात व्हतात तव्हा."

म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात. या दोन वर्षांत आपण किती पाव्हण्यांना त्या रुईची कथा सांगितली, याचा कडूबांनी मनातल्या मनात हिशेब लावू पाहिला आणि सोडून दिला.

"पण कशाला?"

"डॉक्टर नक्की काही सांगंना. मंग म्या महादेवाला लाख वाती बोलले. श्रावणात रानात कापूस कुठला? अन् बाजारातली रुई कोणाच्या रानातली, काय ठाऊक. तुम्हीच जल्मभर सांगत आलात, अशी रुई जिल्ह्यात न्हाई म्हणून. मंग तीच घेतली. शेजारच्या गोजरबाईच्या ओट्यावर बसून आम्ही बायांनी वळली. तुम्ही आल्यावर जाळल्या. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्यांदा आजारी पडला असता."

रागवायचं तर ज्या रुईपायी आपण इथं बसून रागवू शकतो, तिच्यासाठीच रागवायचं, हे कडूबांनाही विचित्र वाटलं.

उषाबाई उठल्या. देवघराच्या फळीवरून त्यांनी एक फुगलेली पिशवी आणली आणि नवऱ्यापुढे ठेवली. आत वाती होत्या, पांढऱ्याशुभ्र, सगळ्या एका मापाच्या.

"ह्या उरल्या व्हत्या. ठिवल्या व्हत्या, तुम्हाला पुन्हा काही झालं तर लागतील म्हणून. आता तुम्ही ठणठणीत हायेत. घाला पेटीत."

तृप्ती पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारातच थांबली होती. मुबारकभाईंनी पिशवी उचलून वजन पाहिलं. "दोन्ही पेट्यांत थोडी थोडी टाकली तर जमंल भाऊ. अन् एकीतच घातली तर ती पहिल्यावानी वाजंल."

कडूबांनी पिशवीत हात घातला. पंचवीस वर्षं त्यांनी या रुईचं कौतुक केलं होतं, पण पेटीत गेल्यापासून ती हातात धरून पाहिली नव्हती. त्यांनी दोन-चार वाती चाचपून पाहिल्या.

"एकीतच घाला," ते म्हणाले. "दुसरी पत्र्याच्या खोलीत जाऊ द्या. तिच्या जागेवर तृप्तीचं टेबल मांडा."

मुबारकभाई वाती भरू लागले. पिशवी अर्धी झाली तशी कडूबांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली, तिचं तोंड बांधलं आणि उषाबाईंकडे दिली.

"पेटी थोडी घुमली तरी चालंल," ते म्हणाले. "ह्या अर्ध्या वाती देवघरात ठिव. आपला काही भरवसा न्हाई."