चार मिनिटं आणि आठ बटणं

आमच्या टाळीवाल्यांनी आजवर पाच सिनेमांची संगीत नाटकं केली आणि पाचही तुफान चालली, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई जळते. पाणबुडीच्या नाटकात खलाशी बारा मिनिटं गात गात बुडतात. श्वास कुठून आणतात ते विचारू नका. खुनाच्या खटल्यात न्यायाधीश टेबलावर चढून नाचतात आणि नाचतानाच फाशी सुनावतात. लोक उभं राहून टाळ्या पिटतात. आणि मीसुद्धा, कपाळ माझं, भांडी घासताना तेच बुडण्याचं गाणं गुणगुणते.

टाळीवाले म्हणजे आमचे निर्माते आणि दिग्दर्शक, दोन्ही तेच. संहितेच्या समासात लाल पेनाने जागोजागी ‘टाळी’ लिहून ठेवतात, म्हणून हे नाव. त्यांच्याकडे मी ध्वनी सांभाळते. शेवटच्या रांगेमागे काचेची खोली, त्यात मी आणि माझी यंत्रं. संगीत सगळं आधीच रेकॉर्ड केलेलं. रंगमंचावर ठरलेलं वाक्य आलं की मी ट्रॅक सोडते.

सहाव्या खेपेला टाळीवाल्यांनी हात घातला तो थेट माझ्या मावशीच्या सिनेमाला.

मावशी अठ्ठावीस वर्षांची होती तेव्हाचा तो कृष्णधवल सिनेमा, एका शिंपिणीचा. शिंपीण मावशीच. तिचा नवरा बोटीत बसून कायमचा निघून जातो. शेजारीण येऊन सांगते, “गेला गं तो.” शिंपीण काही बोलत नाही. त्याच्या मागे राहिलेल्या शर्टाला बटण लावत बसते. चार मिनिटं. संवाद नाही, संगीत नाही, काही नाही. शेवटी दाताने दोरा तोडते. त्या एवढ्याशा आवाजाला थिएटरात हुंदके फुटायचे म्हणे. पुढे मावशीला धड एक भूमिका मिळाली नाही, पण ती चार मिनिटं तिची होती.

“चार मिनिटं शांतता?” टाळीवाले म्हणाले. “लोकांना वाटेल ध्वनी बिघडला!”

म्हणून तिथे गाणं आलं. गाण्यात आठ नर्तक आले, आठही जण बटणं झालेले. पुठ्ठ्याची मोठी गोल चकती, चकतीला चार भोकं, दोन भोकांतून डोळे. शिंपीण झाली एक तरुण नटी, मावशीला दिली शेजारीण. मूळची नायिका पोस्टरवर बरी दिसते ना! तिला वाक्य एकच, “गेला गं तो.” ते आलं की मी ट्रॅक सोडायचा आणि बटणांनी उड्या मारायच्या.

पहिल्या तालमीला मावशी टाळीवाल्यांना म्हणाली, “एवढा प्रवेश तसाच राहू द्या ना. गाणं नको. एकदा तरी करून बघा.”

“बाई, तुमचा काळ वेगळा होता,” त्यांनी तिचा हात थोपटला आणि ते बटणांकडे वळले.

त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. “गाणं वाईट नाहीये गं,” म्हणाली, “पण त्यात माझं काही उरलं नाही. मरायच्या आधी एकदा तो प्रवेश असा लोकांसमोर बघायचा होता मला.” मला असा संताप आला म्हणून सांगू! पण आम्ही दोघीच घरात, आणि घर चालतं माझ्या नोकरीवर. गिळला संताप.

त्याच सुमाराला माझ्या शर्टांची बटणं गायब व्हायला लागली. म्हणजे सकाळी एखादं तुटलेलं असायचं आणि संध्याकाळी पक्कं लागलेलं असायचं. बघावं तेव्हा मावशी जेवणाच्या टेबलाशी, नवी कवळी घालून, दोऱ्याचं रीळ पुढ्यात घेऊन बसलेली. “सैल झाली होती,” म्हणायची. मी म्हटलं, म्हातारपण.

एका तालमीत मात्र मी माती खाल्ली. मावशीच्या आधीचा नट अडखळला, मी अंदाजाने ट्रॅक सोडला, आणि आठ बटणं एकमेकांवर आदळली. दोघांची भोकं फाटली. टाळीवाल्यांनी सगळ्यांसमोर माझी सालटी काढली आणि स्वतःच्या सहीचा कागद माझ्या काचेवर चिकटवला: ‘वाक्य आल्याशिवाय ट्रॅक नाही. छत कोसळलं तरी नाही.’

पहिला प्रयोग दुपारचा होता. नाट्यगृह खच्चून भरलेलं, पुढच्या रांगेत समीक्षक वह्या उघडून बसलेले. नायिका शर्ट हातात घेऊन उभी राहिली. मागच्या अंधारात आठ बटणं एकेक पाय उचलून तयार. मावशी दारातून आत आली.

आणि बोललीच नाही.

बाई वाक्य विसरली! मावशीने नायिकेच्या हातातून शर्ट अलगद काढून घेतला, शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसली आणि पदरात टोचलेली सुई काढली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. पदराला सुई टोचून येणारी बाई काही विसरत नसते.

“ट्रॅक सोड!” हेडफोनमध्ये टाळीवाले.

“वाक्य आलं नाही.”

“अगं सोड म्हणतो ना!”

“तुमची सही आहे,” मी म्हटलं. नोकरी गेली, हे मला तेव्हा अगदी स्वच्छ दिसत होतं. तरी हात मांडीखाली घालून बसले.

मावशीला सुईत दोरा ओवता येईना. एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. महिनाभर गाण्यापलीकडे काही न शिकलेली ती नायिका तिच्यापाशी गुडघ्यावर बसली, दोरा ओठांत ओला केला, ओवला आणि सुई परत मावशीच्या हातात दिली. मग मावशी बटण लावत राहिली. नाट्यगृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मागे एक बटण हळूच पाय खाली टेकताना दिसलं.

मावशीने शर्ट तोंडाजवळ नेला आणि दोरा तोडला. गालावर माइक होता. माझ्या काचेपर्यंत ऐकू आलं. मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू?

मग तिने मान वर केली. “गेला गं तो.”

वाक्य आलं. मी ट्रॅक सोडला. आठ बटणं उड्या मारत पुढे आली आणि त्यांच्याकडे कोणी बघितलं नाही.

पडदा पडल्यावर टाळीवाले माझ्या खोलीत आले. मी पर्स आवरूनच ठेवली होती. त्यांचे डोळे लाल होते.

“हेच मला पहिल्यापासून हवं होतं!” ते म्हणाले. “उद्यापासून जाहिरातीत टाकू, चार मिनिटांची अजरामर शांतता. फक्त खाली हलकं व्हायोलिन सोड, अगदी हलकं. आणि बटणं नुसती उभी राहतात ते बरं दिसत नाही, त्यांनी माना डोलवायच्या.” खिशातून लाल पेन काढून त्यांनी माझ्या संहितेत, दोरा तुटतो तिथे, लिहिलं: ‘टाळी.’

मी रंगपटात गेले. मावशी कवळी पाण्याच्या ग्लासात टाकून बसली होती.

“दोला ऐकू आला?” तिने बोबडं विचारलं.

“शेवटच्या रांगेपर्यंत.” मग व्हायोलिनचं सांगितलं, माना डोलवण्याचं सांगितलं. वाटलं, आता रडेल. ती बोळक्या तोंडाने इतकं हसली की ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी व्हायोलिन तयार ठेवलं. बटणं माना सैल करून उभी. टाळीवाले पहिल्या रांगेत, हातात रुमाल. मावशी दारातून आली. एक पाऊल आत, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “गेला गं तो!”

“थांब, थांब!” हेडफोन किंचाळला. “अजून नाही!”

“वाक्य आलं,” मी म्हटलं आणि गाण्याचा ट्रॅक सोडला.