कप, कात्री आणि नऊ मिनिटांचा उशीर

सलग सहा तास बसच्या तापलेल्या ड्रायव्हर सीटवर बसून पॅडने मांड्या सोलून निघाल्या, तेव्हा कुठे तिने नणंदेचं ऐकलं. नणंद इस्पितळात नर्स. "वहिनी, पॅडच्या कटकटीतून सुटशील, एकदा पाळीचा कप वापरून तर बघ," असं ती वर्षभर कानीकपाळी ओरडत होती. शेवटी तिनेच तो आणून दिला. जांभळा, मऊ, खाली बारीकशी दांडी.

पाळीचा पहिला दिवस सुट्टीचा होता, म्हणून सराव घरीच केला. घडी घालून आत सरकवावा, तर कप मध्येच फट्कन उघडायचा. एकदा तर हातातून उडून थेट बादलीत.

"एवढी लांबलचक बस गल्लीबोळातून मागे घेते मी, आणि हा एवढासा तुकडा मला जुमानत नाही!" ती न्हाणीघरातून ओरडली.

"काही मदत करू का?" बाहेरून नवरा.

"तू आधी दारापासून लांब हो!"

पाचव्या खेपेला कप बसला, पण दांडी टोचू लागली. थोडीशीच छाट, असं नणंदेने बजावलं होतं. हिने वैतागाच्या भरात ती कात्रीने मुळापासून उडवली.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर दुपारपर्यंत तिला कप असल्याचंही जाणवलं नाही. डेपोत वीस मिनिटांची सुट्टी झाली, तशी ती बायकांच्या संडासात शिरली. आणि कप काही केल्या हाती लागेना. बोटं नुसती निसटत होती. ओढायला जावं तर तो आणखीच वर. तिला दरदरून घाम फुटला.

दारावर थाप पडली. तिच्या गाडीची कंडक्टर, जिला सगळा डेपो मावशी म्हणायचा. "अगं, आटप की! कंट्रोलर बोंबलतोय."

तिने नणंदेला फोन लावला. "निघत नाहीये तुझं हे यंत्र!"

"घाबरू नकोस, तिथून कुठे हरवत नाही तो. उकिडवी बस, शी करताना देतेस तसा जोर दे. तळाशी चिमटीत धरून दाब, हवा सुटू दे. मग हळू काढ."

"हळू? बाहेर गाडी उभी आहे माझी!"

"मग रागावू नकोस. रागावलीस की अंग आवळतं."

रागावू नकोस म्हणे! पण तिने डोळे मिटून तीन श्वास घेतले, जोर दिला आणि तळ चिमटला. कप आला. भरलेला कप एका हातात, दोन्ही हात लाल, आणि नळ बाहेर, पुरुषांच्या मुतारीशेजारी.

"मावशी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "पाणी द्या हो."

मावशीने काहीही न विचारता दारावरून आपली पिण्याची बाटली आत सोडली.

गाडी नऊ मिनिटं उशिरा सुटली. संध्याकाळी कंट्रोलरने कागद पुढे सरकवला, "कारण लिहा." तिने लिहिलं, 'बायकांच्या संडासात नळ नाही. पाळीचा कप धुता आला नाही.'

वाचून त्याचे कान लाल झाले. "मॅडम, इतकं सविस्तर नको हो."

"अजून सविस्तर लिहू शकते."

मावशीने पेन ओढून घेतलं आणि खाली सही ठोकली. आठवडाभरात डेपोतल्या अकराही बायकांच्या सह्या झाल्या. तीन वेळा तो कागद साहेबांच्या टेबलावरून गहाळ झाला, तीन वेळा तिने नव्याने लिहिला.

महिन्याभराने प्लंबर आला आणि त्याने नळ बसवला तो नेमका दारामागे. दार अर्धंच उघडतं आता. ती पोट आत ओढून, तिरकी होऊन, प्लंबरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आत शिरते, दांडी शाबूत ठेवलेला नवा कप स्वच्छ धुते आणि वेळेवर गाडी काढते.